गुणतक्ता आणि खतावणी

फुटबॉलचा संघ दोन प्रकारांनी खाली येतो. पहिला प्रकार सर्वांस ठाऊक आहे. हंगाम संपतो, गुणतक्ता वर्तमानपत्रात छापला जातो, आणि ज्याचे नाव त्या तक्त्याच्या तळाशी असते त्याला पुढील वर्षी खालच्या श्रेणीत जाऊन खेळावे लागते. दुसरा प्रकार तक्त्यात दिसत नाही. तो खतावणीत दिसतो. जमेची बाजू आटते, खर्चाची बाजू फुगते, आश्रयदात्याचे मन दुसरीकडे वळते, आणि एके दिवशी चार ओळींचे निवेदन प्रसिद्ध होऊन संघ नाहीसा होतो. पहिल्या प्रकाराने खाली गेलेला संघ पुन्हा वर येऊ शकतो. दुसऱ्या प्रकाराने गेलेला सहसा परत येत नाही. मुंबई, ठाणे आणि कल्याण या टापूतील फुटबॉलचा इतिहास हा या दोन प्रकारांच्या झगड्याचा इतिहास आहे, आणि त्यात खतावणीने तक्त्यावर वारंवार मात केलेली दिसते.

या टापूचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या गावांचे पोट मुंबईवर अवलंबून राहिले. सकाळच्या गाडीने कारकून, गिरणीकामगार, रेल्वेचे नोकर मुंबईस जावयाचे आणि दिवेलागणीच्या सुमारास परतावयाचे, हा येथील दिनक्रम झाला. जेथे पोट तेथेच खेळ. मुंबईचे नामांकित फुटबॉल संघ हे गावांचे किंवा पेठांचे नव्हते. ते कचेऱ्यांचे, गिरण्यांचे आणि रेल्वेचे होते. म्हणून ठाण्या-कल्याणच्या माणसाला आपला म्हणता येईल असा संघ शोधावयाचा, तर तो गावाच्या वेशीत नव्हे, नोकरीच्या ठिकाणी सापडावयाचा. आणि त्याचा सामना पाहावयाचा, तर बोरीबंदरला उतरून कूपरेजचे मैदान गाठावयाचे.

खालच्या श्रेणीत उतरण्याचा नियम मूळचा इंग्लंडातील. तेथे १८८८ साली बारा क्लबांनी मिळून साखळी सामन्यांची पहिली संघटना स्थापन केली. १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडली गेली, आणि १८९८ पासून वर चढणे व खाली उतरणे ही गोष्ट केवळ गुणांवर ठरू लागली. तथापि संघटनेची सर्वांत खालची पायरी आणि तिच्या बाहेरचे शेकडो लहान क्लब यांच्यामधील दार फार काळ मतांच्या किल्लीने उघडत असे. तळाचे क्लब दरवर्षी फेरनिवडीसाठी अर्ज करीत आणि इतर क्लब मते देऊन त्यांचे भवितव्य ठरवीत. हे दार गुणांनी उघडू लागले ते १९८७ साली. त्या वर्षी लिंकन सिटी हा क्लब बाहेर पडला आणि स्कारबरो आत आला.

परंतु त्याच्या पंचवीस वर्षे आधीच एका क्लबाने दुसरा मार्ग दाखविला होता. लँकेशायर परगण्यातील ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या क्लबास कर्जाचे ओझे पेलवेना. १९६२ च्या मार्च महिन्यात, हंगाम ऐन रंगात असताना, त्याने राजीनामा दिला. त्याचे त्या हंगामातील सर्व निकाल रद्द करण्यात आले. जणू ते सामने झालेच नव्हते. त्याच्या रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेड हा क्लब निवडून आला. पुढे १९६८ साली ॲक्रिंग्टन गावच्या लोकांनी त्याच नावाने नवा क्लब उभा केला, आणि लहान साखळ्यांतून एकेक पायरी चढत तो २००६ साली पुन्हा मूळ संघटनेत दाखल झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑक्सफर्ड युनायटेड तळाशी जाऊन बाहेर पडला. चव्वेचाळीस वर्षांनी हिशेब पुरा झाला. या कथेतील महत्त्वाची गोष्ट योगायोग ही नव्हे. क्लब बुडाला तरी गाव बुडाले नाही, आणि गावाने क्लब पुन्हा वर काढला, हे तिचे मर्म आहे.

आता मुंबईकडे वळावे. येथे फुटबॉल आणला गोऱ्या पलटणींनी. १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला. १९०२ साली हारवूड लीग ही साखळी स्पर्धा निघाली. १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला, पण दरहॅम पलटणीकडून हरला. चषक प्रथम हिंदी नागरी संघाच्या हाती गेला तो १९३७ साली, आणि तो मान बंगलोर मुस्लिम्स या संघाने मिळविला.

पलटणी गेल्या; त्यांची जागा कारखानदारांनी आणि कंपन्यांनी घेतली. टाटा, बर्मा-शेल, कालटेक्स, मध्य व पश्चिम रेल्वे, मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्र, एअर इंडिया ही नावे मुंबईच्या मैदानावर गाजू लागली. या संघांचा व्यवहार साधा होता. खेळाडूला नोकरी मिळावयाची, कंपनीला नाव मिळावयाचे. चेंडू उत्तम खेळणाऱ्या गरीब मुलाला महिन्याचा पगार, पुढे निवृत्तिवेतन आणि समाजात मान हे सर्व या एका व्यवहाराने लाभत असे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या याच परंपरेतील खेळाडू. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई होय. १९५८ साली कालटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा कचेरीच्या संघांचे भाग्य शिखरास पोहोचले असे कोणासही वाटावे.

परंतु या व्यवहारातच एक उणीव दडलेली होती. संघ कंपनीचा, कंपनीचे नाव पुसले की संघाचेही पुसले जावयाचे. १९७६ साली बर्मा-शेल आणि कालटेक्स या दोन्ही तेलकंपन्या सरकारच्या ताब्यात गेल्या. बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली. कालटेक्स १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स जिंकणारे ते नाव कोणत्याही प्रतिस्पर्ध्याकडून हरले नाही. ते दिल्लीच्या एका निर्णयाने मिटले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते, आणि कित्येकांची गिरणी त्यानंतर पुन्हा कधीच उघडली नाही. जेथे मालकास गिरणीच नकोशी झाली, तेथे गिरणीच्या संघाची कथा ती काय? मफतलाल आणि ऑर्के ही नावे आज फुटबॉलच्या गुणतक्त्यात आढळत नाहीत. ती कोणत्या श्रेणीत घसरली असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

१९९६ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय साखळी सुरू केली आणि सर्व देशातील क्लब प्रथमच एका तक्त्यात आले. पहिले विजेतेपद मिळविले पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाने. हाच संघ २०१०-११ च्या हंगामात तळाशी गेला आणि मालकांनी तो बंदच करून टाकला. खालच्या श्रेणीत एक वर्ष काढून परत येण्याचा मार्ग मोकळा होता; पण ज्याला जाहिरातीसाठी संघ हवा, त्याला खालची श्रेणी कशाला हवी?

मुंबईत महिंद्र युनायटेडची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९६२ सालापासूनचा हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळीचा विजेता झाला. फेडरेशन चषक, ड्युरंड चषक हेही त्याने जिंकले होते. असा हा संघ २०१० साली, हंगाम संपताच, विसर्जित करण्यात आला. तो हरत नव्हता, कर्जात नव्हता, तळाशी तर नव्हताच. शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचे आहे असे कंपनीने सांगितले. हेतू चांगला असेल. परंतु अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निर्णयाने संपू शकतो, हेही त्याबरोबरच सिद्ध झाले. तीन वर्षांनी एअर इंडियाची पाळी आली. आशियाई फुटबॉल महासंघाने क्लबांसाठी परवान्याची पद्धत घालून दिली होती. क्लबाला स्वतःचे युवक संघ हवेत, मैदानाची सोय हवी, पगारी व्यवस्थापक हवेत, कायदेशीर अस्तित्व हवे आणि तपासलेले हिशेब हवेत, अशा तिच्या अटी होत्या. सरकारी कंपनीचा एक विभाग म्हणून चालणाऱ्या संघास या अटी पुऱ्या करता येणे अवघड होते. २०१३ साली एअर इंडिया आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा संघ हे दोन्ही साखळीतून वगळण्यात आले.

या दोन्ही संघांतून, महिंद्र आणि एअर इंडिया यांच्याकडून, एक मध्यक्षेत्ररक्षक खेळून गेला होता. त्याचे नाव खालिद जमील. पुढे २००७ साली एस्सेल उद्योगसमूहाने मुंबई एफसी हा नवा क्लब काढला. एका वर्षात तो आय-लीगमध्ये, म्हणजे नव्या नावाच्या राष्ट्रीय साखळीत, चढला. आणि २००९ पासून खालिद जमील त्याचे शिक्षक झाले. सात वर्षे ते त्या पदावर होते. क्लबाची थैली लहान, खेळाडू मोजके, विजेतेपदाची आशा जवळजवळ नाही. दर हंगामात त्यांच्यापुढे एकच काम असे: संघ तळाशी जाऊ द्यावयाचा नाही. ते काम त्यांनी प्रत्येक वर्षी पार पाडले. वरच्या चार संघांच्या झगड्यात वैभव असते हे खरे. पण तळाच्या चार संघांच्या झगड्यात भाकरी असते, आणि भाकरीसाठी खेळलेला खेळ पाहताना मन अधिक गुंतते.

त्याच काळात शेजारच्या पुण्यात काय घडत होते तेही पाहण्यासारखे आहे. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला आणि २०१५ नंतर उरला नाही. कल्याणी उद्योगसमूहाचा भारत एफसी हा क्लब २०१४-१५ च्या एकाच हंगामात खेळला. तो तक्त्यात अगदी शेवटी होता. परंतु नव्या उद्योगपतींच्या क्लबांना प्रारंभी पदावनती लागू नाही अशी सवलत असल्यामुळे तो वाचला, आणि त्याच्या वरचा, गोव्याचा डेम्पो, खाली गेला. डेम्पो म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेता! आणि इतके होऊन, ज्याला नियमाने वाचविले त्या भारत एफसीने पुढच्या हंगामापूर्वीच गाशा गुंडाळला. गुणतक्त्याची याहून मोठी थट्टा कोणती असणार? डीएसके शिवाजियन्स हा पुण्याचा तिसरा क्लबही दोन हंगामांनंतर, २०१७ साली, साखळीतून नाहीसा झाला.

गोव्यातील क्लबांची घडण निराळी होती. डेम्पो, साळगावकर ही खाणमालकांची घराणी. पण त्यांचे संघ गावागावांतील मुलांवर उभे होते आणि लोकांच्या बोलण्यात होते. २०१२ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि आश्रयाचा मोठा झरा आटला. पुढे महासंघाने अशी योजना मांडली की, २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला, जेथे प्रवेश पैशाने मिळत होता आणि पदावनती नव्हती, पहिले स्थान द्यावे, आणि आय-लीगने खालची पायरी पतकरावी. २०१६ च्या जून महिन्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले. दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून नुकताच परत वर आलेला डेम्पोही त्यांच्या मागोमाग बाहेर पडला. मैदानावर कष्टाने मिळविलेली जागा त्याने आपण होऊन सोडली.

येथे कथेला अनपेक्षित वळण मिळते. त्याच २०१५-१६ च्या हंगामात नऊ संघांच्या तक्त्यात मिझोरामच्या राजधानीतील ऐजॉल एफसी हा क्लब आठवा आला होता. नवव्या क्रमांकावरील शिवाजियन्सला सवलत होती. म्हणून पदावनतीची कुऱ्हाड ऐजॉलवर पडली. परंतु गोव्याचे क्लब गेल्याने जागा रिकाम्या झाल्या, आणि खाली ढकललेल्या ऐजॉलला परत बोलावण्यात आले. त्याच सुमारास खालिद जमील मुंबई एफसीतून बाहेर पडले होते. ऐजॉलने त्यांना शिक्षक म्हणून नेमले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे ऐजॉलने लाजाँगशी १-१ अशी बरोबरी केली आणि सदतीस गुणांनिशी राष्ट्रीय साखळी जिंकली. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. एका वर्षापूर्वी ज्यास खालच्या श्रेणीत घातले होते तो देशाचा विजेता झाला. आणि त्याच तक्त्याच्या दहाव्या, म्हणजे शेवटच्या, घरात नाव होते मुंबई एफसीचे. सात वर्षे ज्या खाईपासून खालिद जमील यांनी त्या क्लबास दूर ठेवले, ते गेल्यावर पहिल्याच हंगामात तो तिच्यात पडला. खालच्या श्रेणीत तो कधी खेळलाच नाही. मालकांनी तो बंद केला. महिंद्र, एअर इंडिया, मुंबई एफसी: एका माणसाच्या कारकिर्दीतील मुंबईचे तिन्ही संघ अशा रीतीने इतिहासजमा झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हाच माणूस भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

ऐजॉल आणि मुंबई यांच्यात भेद कशाचा होता? केवळ पैशाचा म्हणावा, तर ऐजॉलपाशीही पैसा नव्हता. परंतु मिझोराममध्ये २०१२ पासून स्वतःची साखळी स्पर्धा चालू होती, २०१४ साली त्या लहानशा राज्याने संतोष चषक जिंकला होता, आणि डोंगरावरील प्रत्येक वस्तीला आपला संघ माहीत होता. तेथे क्लब पडला तर त्याला झेलावयास खाली माणसे होती. मुंबईत क्लब पडला तेव्हा खाली फक्त कागद होते.

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत हा विचार विशेष टोचतो. २०११ च्या जनगणनेत, पालघर वेगळा होण्यापूर्वी, या जिल्ह्याची वस्ती एक कोटी दहा लक्षांवर होती. देशातील कोणत्याही जिल्ह्याहून अधिक. ठाण्यास दादोजी कोंडदेव क्रीडागृह आहे, डोंबिवलीस सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल आहे. नेरूळचे डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागार तर याच जिल्ह्यातील. मुंबई एफसी संपला त्याच २०१७ साली, ऑक्टोबरमध्ये, तेथे सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा स्पेन आणि माली यांच्यातील उपान्त्य सामना झाला. २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच झाला. जगातील उत्तम फुटबॉल जिल्ह्याच्या अंगणात येऊन खेळून गेला. परंतु ठाण्याचे, कल्याणचे किंवा डोंबिवलीचे नाव धारण करणारा एकही संघ राष्ट्रीय साखळीच्या पहिल्या श्रेणीत आजवर उभा राहिलेला नाही.

लहान क्लबांची धडपड मात्र थांबलेली नाही. चेन्नई सिटी हा २०१८-१९ चा राष्ट्रीय विजेता क्लब दोनच वर्षांनी परवान्याच्या अटींत नापास झाला, आणि त्याच्या जागी २०२१ साली मुंबईच्या केंकरे क्लबास आय-लीगमध्ये स्थान मिळाले. दुसऱ्याच्या खतावणीने उघडलेले ते दार गुणतक्त्याने पुन्हा लावले. २०२२-२३ च्या अखेरीस केंकरे खाली उतरला. त्याच हंगामात खालच्या श्रेणीत कल्याणच्या शेजारचे एक नाव झळकले: अंबरनाथ युनायटेड अटलांटा. कारखान्याचे नव्हे, कचेरीचे नव्हे, कल्याणपुढच्या एका स्टेशनाचे नाव. आणि गोव्याचा डेम्पो, ज्याने आपल्या प्रांतातील स्पर्धा कधी सोडल्या नाहीत, तो आठ वर्षांनी, २०२४ साली, खालच्या श्रेणीतून खेळून पुन्हा आय-लीगमध्ये आला.

या सर्व इतिहासातून पदावनतीविषयी वेगळीच दृष्टी प्राप्त होते. खाली उतरणे हा क्लबाचा अपमान मानला जातो. वास्तविक ती त्याची परीक्षा होय. खालच्या श्रेणीत, ओस पडलेल्या पायऱ्यांसमोर, कोणी जाहिरात न देता जो संघ पुढल्या हंगामाचा पहिला सामना खेळावयास उतरतो, त्याला मालक असो वा नसो, गाव आहे असे समजावे. ॲक्रिंग्टनपाशी ते होते, ऐजॉलपाशी होते, डेम्पोपाशी होते. सकाळच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या ठाण्या-कल्याणच्या माणसाने शंभर वर्षे दुसऱ्याच्या संघावर प्रेम केले, आणि ते संघ त्याला न विचारता बंद झाले. संध्याकाळी तो ज्या स्टेशनावर उतरतो, त्या स्टेशनाच्या नावाचा संघ कधी तळाशी गेला, तर त्याला दुःख होईल यात संशय नाही. पण तो संघ बंद करावयाचा की नाही, हे निदान त्याला विचारून ठरवावे लागेल.